टॉवेल ताईकडे

२ सप्टेंबर, बुधवार

बारक्या लढतीला हो म्हणून बसला! मला विचारलं नाही, कोच सरांना विचारलं नाही. बायकोला तर म्हणे जेवताना सांगितलं — "मीठ दे जरा, आणि सतरा ऑक्टोबरला मी लढतोय." तिने मीठ दिलं नाही.

बॉक्सिंगची सहा फेऱ्यांची लढत. समोरचा चोवीस वर्षांचा. बारक्याला नोव्हेंबरात चाळीस पूर्ण होतात आणि चाळिशीनंतर परवाना मिळत नाही, म्हणजे ही शेवटचीच. मागची लढत हरला ती स्टुलावर. पाचव्या फेरीची घंटा झाली आणि हा उठलाच नाही. तेच त्याला खात असतं. "ताई, मला उभ्याने संपवायचंय," म्हणाला. "बसून नाही."

ऐंशी किलोंचा बाप्या, पण सगळा गाव अजून बारक्याच म्हणतो. मीही.

मी काय बोलणार? म्हटलं, "उद्या सहाला हॉलवर ये. पॅड मी धरते." हे म्हणायला नको होतं का? परवानगी दिल्यासारखं झालं. पण त्याने ती मागितली कुठे होती!

४ सप्टेंबर

माझ्या चष्म्याच्या दुकानात आज लागोपाठ तीन चाळिशीवाले. तिघांचंही तेच. कागद लांब धरायचा, मान मागे न्यायची आणि दोष छापखान्याला द्यायचा — "हल्ली अक्षरंच बारीक छापतात हो." एक गृहस्थ तर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत, हातच आखूड पडतो." जवळच्या नंबराची काच डोळ्यांपुढे धरली की आधी हसतात, मग थोडा वेळ गप्प होतात. मला तो गप्प क्षण आवडतो. त्यांना घाई करत नाही.

संध्याकाळी हॉल. पाढा म्हटला.

पाढा म्हणजे बाबांनी घालून दिलेला ठोशांचा क्रम. दोन डावे, एक उजवा, वाकून डावा, बाजूला सरकून पुन्हा उजवा, आणि असंच पुढे, शेवटी सगळं उलट्या दिशेने. बारक्या सहा वर्षांचा होता, मी बाराची. बाकीची पोरं बे एके बे म्हणायची, आम्ही हे. ठोसे झेलायचे पॅड बाबांनी माझ्या हातात दिले ते कायमचेच. त्यांच्या मागेही आमचा सराव पाढ्यानेच सुरू होतो आणि पाढ्यानेच संपतो. बारक्या म्हणतो, झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही.

आजही चुकला नाही. प्रत्येक ठोसा पॅडच्या मध्यावर, तोच खणखणीत आवाज.

"पूर्वीसारखाच आहे ना मी? खरं सांग."

"पूर्वीसारखाच."

खरंच वाटलं म्हणून म्हटलं.

९ सप्टेंबर

शाळेची पोरं घरोघर सोडून भावजय रिकामी व्हॅन घेऊन दुकानाशी आली. चहा घेतला नाही, खुर्चीवर नुसती टेकली.

"वन्सं, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

"माझं कधी ऐकलंय?"

"तुमचंच ऐकतो. आमचं नुसतं ऐकून घेतो."

हसू आलं, पण तिला आलं नाही. म्हणाली, जेवण अर्धं केलंय, चिडचिड दुप्पट. काल स्वयंपाकघराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि चौकटीलाच शिव्या दिल्या. परवा पाण्याचा पेला सांडला, तर ठेवणाऱ्यावर ओरडला. "स्वतःच्या घराचं दार दिसत नाही आणि म्हणे चोवीस वर्षांच्या पोराचा हात दिसणार!"

जाताना म्हणाली, "घरी आणा म्हणजे झालं. हरवून आणलंत तरी चालेल."

मी तिला शब्द दिला नाही. द्यायला हवा होता? असा शब्द देणारी मी कोण!

१४ सप्टेंबर

दुकानाचं शटर ओढताना उजवं मनगट मुरगळलं. मूर्खपणा. आठवडाभर पॅड बंद.

सरांनी पोस्टमनला उभा केला. सकाळी पत्रं वाटतो, संध्याकाळी हॉलवर येतो. एके काळी स्वतःही बरा लढायचा. त्याला आमचा पाढा येत नाही आणि शिकायचाही नाही. "समोरचा काय पाढा म्हणून दाखवणार आहे का, ताई?" मनाला येईल तसे पॅड दाखवत होता — वर, खाली, मध्येच पॅडनेच एक टोला.

बारक्या चुकला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पॅड निघून गेल्यावर ठोसा पोचायचा. पोस्टमनच्या उजव्या हाताचा टोला दोनदा सरळ कानावर बसला, हात वर आलाच नाही.

"पत्ता चुकला, साहेब!" पोस्टमन म्हणाला. कोणी हसलं नाही. मग तोही कसनुसा झाला.

बारक्या म्हणाला, "ह्याला तालच नाही." आणि आंघोळीला निघून गेला.

१५ सप्टेंबर

पोस्टमन दुकानावरून जाताना थांबला. कालचं त्याला लागून राहिलं होतं. पिशवी खाली न ठेवताच बोलला. "राग मानू नका, पण इतके दिवस बघतोय. तुम्ही पॅड धरत नाही, ताई. तुम्ही पोचवता. त्याचा हात निघाला की तुमचा पॅड पुढे येतो त्याला घ्यायला. म्हणून तो आवाज येतो."

मी म्हटलं, "काहीतरीच!"

तो गेल्यावर काउंटरच्या आरशासमोर उभी राहिले आणि रिकाम्या हातांनी पाढा म्हणून पाहिला. माझे हात पुढे जात होते. दर वेळी, वीतभर. मूल धावत आलं की आपण जसे हात पुढे करतो, तसे.

केव्हापासून? त्याच्या हाताला उशीर होऊ लागला तेव्हापासूनच असणार. म्हणजे माझ्या हातांना ते माहीत होतं. मलाच सांगितलं नाही त्यांनी.

आणि मी त्याला "पूर्वीसारखाच" म्हणून बसले.

१७ सप्टेंबर

सरांना सगळं सांगितलं. सत्तरीचे आहेत. बाकावर बसून फाटलेल्या पंचिंग बॅगेला चिकटपट्टी लावत होते. नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आधी पाय जातात. मग नजर. मग हात. ताकद सगळ्यांत शेवटी जाते, म्हणून तर म्हाताऱ्याला पत्ता लागत नाही. बॅगेवर मारून बघतो, बॅग हलते, खूश होतो. बॅग काय उलट मारते थोडीच!"

विचारलं, "मग त्याला काहीच आशा नाही?"

"असं कुठे म्हटलं? म्हातारा ठोसा बघून चुकवत नाही. समोरच्याचा खांदा कसा हलला, पाय कुठे पडला, त्यावरून आधीच ओळखतो. चार फेऱ्या बारक्या अकलेवर काढेल. त्या पोराला वाटेल, भिंतीशी भांडतोय. पण लढत सहा फेऱ्यांची आहे. शेवटच्या दोन त्या पोराच्या पायांच्या."

"मग थांबवा ना त्याला."

सरांनी दातांनी पट्टी तोडली. "तुझा भाऊ. तू थांबव."

२० सप्टेंबर, रविवार

हॉलच्या जिन्यात सांगून टाकलं. फिरवून-बिरवून नाही. "मी तुला फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. तुझा हात उशिरा येतो. मी पॅड पुढे नेते."

तो बघतच राहिला. मग इतका हसला की कठड्याला धरलं. "अगं, मला वाटलं तुझी मनगटं थकली! शेहेचाळिशीची झालीस. म्हटलं, ताईला लागेल. मी आवरून मारत होतो!"

मीही हसले. दोघंही जिन्यात बसून येड्यासारखे. म्हणजे आम्ही आजवर सराव केलाच नाही, एकमेकांना नुसतं गोंजारलं. बाबा असते तर दोघांच्या पाठीत घातली असती.

हसू ओसरल्यावर म्हटलं, "आता खोटं नाही. तूही नाही, मीही नाही."

त्याने वाकून बुटाची नाडी बांधली. ती बांधलेलीच होती. "नाही," म्हणाला.

मग मी 'आता थांब' म्हणायचं होतं. म्हटलं नाही. एवढा हसत होता.

२७ सप्टेंबर

मनगट बरं. पाढा बंद. मनाला येईल तसे पॅड आणि हात जागच्या जागी. पुढे नेण्याची इतकी सवय की कोपरं बरगड्यांना दाबून धरावी लागतात.

फार अवघड जातंय. त्यालाही, मलाही. हुकलेला ठोसा वाऱ्यात जातो तेव्हा त्याचा सगळा देह त्याच्यामागे ओढला जातो आणि मला वाटतं, पॅड नेला असता तर काय बिघडलं असतं!

पण चुका कमी होताहेत, हेही खरं. मान जरा डावीकडे वळवून उभा राहायला लागलाय. सर ओरडतात, "मान सरळ! फोटो काढायचाय का?" तो म्हणतो, नवी युक्ती आहे. युक्तीने फरक पडतोय हे मात्र दिसतं.

म्हटलं, एकदा दुकानात येऊन डोळे तपासून जा, वयच आहे ते. म्हणाला, "तुझ्या दुकानात शिरलेला माणूस चष्म्याशिवाय बाहेर पडलाय का कधी? रिंगमध्ये चाळिशी लावून जाऊ?"

पोस्टमन म्हणाला, "दोरी बांधून."

सगळे हसले. मीही विषय सोडला.

३ ऑक्टोबर

वजन उतरत नाही. पूर्वी दोन दिवसांत उतरायचं. आज काट्यालाच दम भरत होता.

१० ऑक्टोबर

लढतीआधीची तपासणी. मी दाराशी उभी. रक्तदाब, छाती, गुडघे, हातांचे सांधे. मग भिंतीवरचा तक्ता. एक डोळा झाकून वाचला, दुसरा झाकून वाचला. शेवटची ओळही! न अडखळता. अभिमान वाटला. माझ्या चाळिशीवाल्यांपुढे नेऊन उभा करावा असं वाटलं.

पास.

येताना मी टॉवेल घेतला, पांढरा, जाड. तो कोपऱ्यातून रिंगमध्ये फेकला की हार मान्य, लढत तिथेच थांबते. बाबांचा नियम — टॉवेल प्रशिक्षकाच्या हातात द्यायचा नाही, घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. ते म्हणायचे, प्रशिक्षकाला जिंकायचं असतं, घरच्याला घरी न्यायचं असतं. इतकी वर्षं मी टॉवेल खांद्यावर टाकून कोपऱ्यात बसतेय. घाम पुसायलाच वापरलाय फक्त. मागच्या वेळी तो स्वतःच उठला नाही, माझ्यावर वेळ आली नाही.

१६ ऑक्टोबर

वजन झालं. काठावर. रात्रीच्या जेवणाला माणसांत आला, भावजयीला दोनदा हसवलं.

उद्या हातांना पट्टी मीच बांधणार. आज नुसते हात हातात घेऊन पाहिले. उजव्या हाताचं मधलं हाड दोनदा मोडून सांधलेलं, अंगठ्याजवळ गाठ. एके काळी ही मूठ माझ्या एका बोटाभोवती मिटायची.

सरांसमोर, पोस्टमनसमोर, मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "टॉवेल ताईकडे. कोणी तिच्या हाताला हात लावायचा नाही. ती नाही म्हणेपर्यंत मी चालू." मग हळूच, "खोटं नाही, ठरलंय ना?"

"ठरलंय."

१८ ऑक्टोबर, रविवार

लिहावं की नाही? लिहिते.

पहिल्या तीन फेऱ्या — बाबांनी बघायला हव्या होत्या. सर म्हणाले होते तसंच. पोरगा धावून यायचा आणि बारक्या तिथे नसायचा. अर्ध्या पावलाने नसायचा. मिठी मारून त्याला लोंबकळायचा, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. (फेरी संपल्यावर पोस्टमनला सांगितलं — "तुझ्या आईला कळव, उशीर होईल.") पोरगा चिडला. चिडला की हात लांबून फिरवत रुंद मारायचा. रुंद मारला की बारक्याचा डावा सरळ जाऊन बसायचा. लोक उभे राहिले. भावजय डोळे झाकून, बोटांच्या फटीतून बघत होती.

चौथीत पाय गेले. लांबूनही दिसलं. टाचा जमिनीला चिकटल्या. तरी पोराला आपल्या उजव्या अंगाला ठेवत गोल गोल सरकत राहिला, एकाच दिशेने. पोराच्या कोपऱ्यातल्या माणसांनी ते हेरलं. तिकडून ओरडले, "दुसरीकडून जा! दुसरीकडून!"

स्टुलावर बसला तेव्हा छाती भात्यासारखी. पाणी दिलं. म्हटलं, "बघ माझ्याकडे." बघितलं. "थांबू?" "नको. चालू." खोटं वाटलं नाही. उठला, घंटेच्या आधी.

पाचवी. पोराचा उजवा हात बाहेरून वळसा घेऊन आला. काही खास नव्हता. मला कोपऱ्यातून येताना दिसला इतका सावकाश. बारक्याने हात उचलला नाही. ठोसा कानावर बसला. पुन्हा तोच, तिथूनच. बसला. तिसऱ्यांदा मी त्याचा चेहराच बघत होते. ठोसा येताना पापणी मिटते. ते कोणाला शिकवावं लागत नाही, तान्ह्या मुलाचीही मिटते. त्याची मिटली नाही. डोळा उघडा, शांत, जणू कोणी येतच नाहीये.

टॉवेल कधी सुटला कळलं नाही. पंचाच्या बुटावर पडला.

बारक्या उभा होता. पडला नव्हता, गुडघाही टेकला नव्हता. आधी टॉवेलकडे बघितलं, मग माझ्याकडे.  मी पट्ट्या कापायला घेतल्या. त्याने हात काढून घेतले नाहीत.

१९ ऑक्टोबर

आज पोस्टमनने सांगितलं. सांगू की नको असं करत, पण सांगितलं. पाचवी सुरू होताना तिघांपैकी दोघा पंचांच्या गुणांत बारक्या पुढे होता.

पुढे होता!

आणखी दीड फेरी मिठ्या मारून काढली असती तर? सरांना विचारलं. ते म्हणाले, "टॉवेल पडल्यावर 'जर' नसतो." हे काय उत्तर झालं!

काउंटरपाशी उभी राहून दिवसभर तेच उलटसुलट. खोटं नाही, असं ठरलं होतं. मग टॉवेल फेकला तो खरेपणाने, की घाबरून? त्याला उभ्याने संपवायचं होतं. तो उभाच होता, संपवलं मी. हा पुन्हा पॅड पुढे नेण्यातलाच प्रकार नाही ना? एकदा हाताला सवय लागली की तो विचारत नाही.

एका बाईंच्या चष्म्याचा नंबर दोनदा चुकीचा लिहिला. दोनदा!

२१ ऑक्टोबर

फोन नाही. मीही केला नाही. हॉलवर गेले नाही.

२४ ऑक्टोबर

भावजय. दुकानासमोर व्हॅन उभी करून तिथूनच हॉर्न. शाळेची पोरं आत दंगा घालत होती, म्हणून खिडकीतूनच बोलली.

"तो चिडलेला नाही हो, वन्सं. चिडला की घर झाडतो, धाडधाड. हा नुसता बसून असतो. एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे. काहीतरी मनात आहे."

"माझं नाव घेतो?"

"'ताईला कळलं,' एवढंच म्हणतो. काय कळलं ते सांगत नाही." मागच्या पोरांवर ओरडली, मग माझ्याकडे वळून, "मला तर माणूस घरी मिळाला. त्याला काय वाटायचं ते वाटू दे."

काय कळलं मला? तो म्हातारा झाला, हे? ते तर त्याने जिन्यातच हसून कबूल केलं होतं.

२६ ऑक्टोबर

भावजय व्हॅन घेऊन निघालीय. डोळ्यांच्या रुग्णालयात फोन केलाय, रात्रीच आणा म्हणाले. ती येईपर्यंत लिहिते.

शटर ओढायच्या वेळेला बारक्या आला. न बोलता तपासणीच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "डावीकडे पडदा ओढल्यासारखा आहे. उन्हाळ्यापासून. समोरचं नीट दिसतं, म्हणून तक्ता वाचता आला. पाढा पाठ होता, म्हणून तुझ्यापाशी खपलं. बायकोला कळलं नाही, सरांना नाही. तुला कसं कळलं, ताई?"

मी म्हटलं, "कळलं नव्हतं रे. हाताला कळलं असेल."

तो गप्प. मी घाई केली नाही.

मग म्हटलं, "उजवा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग, त्याआधी नाही."

त्याच्या डाव्या कानामागून बोट आणायला सुरुवात केली. कान ओलांडला. गाल आला. तो काही बोलेना. बोट लवकर समोर न्यावं, त्याला दिसू द्यावं, असं हाताला फार वाटत होतं. कोपर बरगडीला दाबून धरलं आणि सावकाशच आणत राहिले.